हवा चांगली, भिंत काळी

सगुणाचं डोकं असं कधी चक्रावलं नव्हतं. खारदांड्याच्या बाजारात तिनं तीस वर्षं मासळी विकली होती. कोण पापलेट घेणार आणि कोण नुसतेच कल्ले उघडून बघून चालता होणार, हे तिला गिऱ्हाइकाच्या चालीवरून कळायचं. पण हा समोरचा माणूस तिला काही केल्या कळेना. धड पाहुणा नाही, धड म्युनिसिपालटीचा नाही. हातात पेटी घेऊन आला, तिच्यातून खुळखुळ्यासारखं काहीतरी काढलं, आणि तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून ते गरागरा फिरवायला लागला.

"ह्ये काय रं बाबा?"

"थर्मामीटर, मावशी. हवेत दमटपणा किती आहे ते कळतं."

"हवेला ताप आयलाय?"

तो हसला आणि वहीत काहीतरी लिहिलं. तो लिहायला लागला की सगुणा हातातलं काम टाकून त्या वहीकडंच बघायची.

त्याचं नाव श्यामसुंदर, इंजिनिअर. अंधेरीच्या या चार मजली सोसायटीत उन्हाळ्यात घरं तापतात, भिंती काळ्या पडतात, विजेचे मीटर धावतात, म्हणून कमिटीनं त्याला नेमला होता. घराघरांतली हवा, उकाडा, वीज तपासायची आणि अहवाल द्यायचा. तो म्हणे खाली नोटीस बोर्डावर लागणार होता. झालं! हे ऐकल्यापासून सगुणाची झोप उडाली होती, कारण तिच्या घरात एक गोष्ट लपवायची होती.

गोष्ट अशी. मुलगा तुळशीदास साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर. त्याला जवळ पडावं म्हणून दोन वर्षांपूर्वी ते दांडा सोडून इथं फ्लॅटात आले. येताना चुलतदिरानं बजावलं होतं, "वयनी, फ्लॅटात मासळीचा वास चालत नाय. बोरिवलीला आमच्या साडूला लोकांनी नको नको केला." तेवढं पुरलं. इथं कुणी एक शब्द बोललं नव्हतं, पण सगुणानं पहिल्या दिवसापासून नियमच केला. मासळी शिजायची ती स्वयंपाकघराची खिडकी लावून, वरच्या झरोक्यात फडकं कोंबून, दार ओढून घेऊन, आणि वास मरेपर्यंत काही उघडायचं नाही. सून रुक्मिणी आली तेव्हा तिलाही तोच धडा दिला. सगुणा पहाटे टोपली घेऊन दांड्याला जायची ती दुपारी यायची. तोवर रुक्मिणी रॉकेलच्या स्टोवर बोंबील तळत असायची. गॅसचा नंबर लागायला अजून अवकाश होता.

आणि लग्नाला चार महिने झाले न झाले तोच रुक्मिणीला ठसका लागला. मग डोकं ठणकायला लागलं, मग भोवळ. दोनदा ओट्यापाशीच कोसळली. फोटो काढला, छाती स्वच्छ. डॉक्टर म्हणाला, हवापालट करा. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, नारळ उतरवा. सगुणानं नारळही उतरवला. गोराईच्या मोकळ्या वाऱ्यात वाढलेली गोड पोर, दोन महिन्यांत चिपाडासारखी झाली. तिचा बाप भिकाजी तर पेटलाच होता. "रविवारी येतंय," त्यानं निरोप धाडला होता. "पोरीला नेतंय. ते घर तिला लाभत नाय. परत धाडनार नाय."

सगुणाचा त्या सुनेवर जीव होता. पोटच्या लेकीवर नसेल एवढा होता, आणि हे ती कबूलही करायची.

आज इंजिनिअर येणार म्हणून तिनं पहाटेच झरोक्यातलं फडकं काढलं, खिडकी सताड उघडली, फरशी फिनेलनं पुसली आणि वरणभात लावला. असला शहाणपणा तिला कुणी शिकवला नव्हता, तो आपोआपच सुचला. श्यामसुंदरनं आता अगरबत्ती पेटवली. सगुणानं सवयीनं हात जोडले. पण त्यानं ती देवापुढं लावलीच नाही. खिडकीपाशी धरून तो नुसता धूर कुठं जातो ते बघत बसला.

"फारच छान," तो म्हणाला. "वारा मस्त खेळतो. तुमच्या घरात हवा उत्तम आहे, मावशी."

सगुणानं जोडलेले हात खाली घेतले. हवा उत्तम? मग पोर पडते कशानं? म्हणजे हवेचा दोष नाही, घरच पोरीला लाभत नाही. हा कागद खाली लागणार, भिकाजी तो वाचून घेणार, आणि मग तिला थांबवायला सगुणाकडं तोंड कुठं राहणार?

पण इंजिनिअरही खुश दिसेना. तो ओट्यामागच्या भिंतीवरून बोट फिरवत होता. बोट काळंकुळकुळीत निघालं, वर तेलकट.

"हे जमत नाही," तो पुटपुटला. "हवा चांगली आणि भिंत काळी. दिवसा पंखा नि दिवा किती वेळ चालू असतो?"

"दिवसभर," रुक्मिणी दारातून बोलून गेली, आणि सासूकडं बघून जीभ चावली.

"एवढी उजेडाची खिडकी असून? खालीही हेच. दुसऱ्या मजल्यावर राधाताईंकडं. हीच भिंत, हाच दिवसभर पंखा, आणि मी गेलो तर हवा एकदम झकास." त्यानं डोकं खाजवलं. "मलाच काही कळेना झालंय."

खाली? सगुणा आणखीनच गोंधळली. राधा म्हणजे अबोल, टापटीप बाई, जालन्याकडची. हळदीकुंकवाला यायची नाही, पण जिन्यात भेटली की हसायची. तिच्या दारात बुद्धाची तसबीर, आणि स्वयंपाकघरातून कधी कसला वास म्हणून नाही. पक्की शाकाहारी. तिच्यासारख्यांच्याच धाकानं तर सगुणा खिडकी लावत होती! मग त्या बाईची भिंत कशानं काळी?

शनिवारची रात्र सगुणानं कूस बदलत काढली. खिडकीचं खरं सांगावं, तर कागदावर येणार, सोसायटी वाळीत टाकणार. न सांगावं, तर सून जाणार. आणि खिडकीमुळंच पोर पडते, हे तरी कुणी सांगावं? ती स्वतः जन्मभर चुलीच्या धुरात बसली, तिला कुठं काय झालं? इकडं आड, तिकडं विहीर. सकाळ झाली तेव्हा तिच्या मनाशी एवढंच पक्कं होतं, की आज बापानं पोर नेली तर आपण उरलेला जन्म स्वतःला शिव्या देत काढणार.

दहाच्या सुमारास भिकाजी आला. चहाला हात न लावता खुर्चीच्या टोकावर बसला. रुक्मिणीची ट्रंक दाराशी होती आणि ती पदरानं डोळे पुसत होती. तेवढ्यात श्यामसुंदर राहिलेली मापं घ्यायला आला. सगुणानं त्याचं मनगटच धरलं.

"आत ये. तू पन ये, व्याही. हितं रोज कसं शिजतंय ते बघा."

तिनं खिडकी लावली. झरोक्यात फडकं कोंबलं. दोघं आत आल्यावर दार ओढून घेतलं, रुक्मिणीला मात्र बाहेरच ठेवलं. स्टो पेटवला, तवा ठेवला आणि मसाला लावलेले बोंबील तेलात सोडले. पाच मिनिटांत भिकाजी खोकायला लागला. दहा मिनिटांत इंजिनिअरचे डोळे वाहायला लागले. त्यानं पेटीतून काचेची एक नळी काढून पिचकारीला जोडली आणि हवा ओढली. नळीतली पूड काळपट होत गेली. ते बघून त्याचा चेहराच उतरला.

"मावशी, स्टोचा धूर कोंडून हे विष झालंय! तुम्ही हे रोज करता?"

"मी नाय," सगुणा म्हणाली. "ती करते. मीच करायला लावतंय."

हे बोलताना तिला रडूच फुटलं. श्यामसुंदरनं धडपडत खिडकी उघडली. धूर भसकन बाहेर पडला आणि मागोमाग बोंबलाचा खमंग वास सगळ्या मागच्या अंगाला पसरला. भिकाजी खिडकीशी जाऊन मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागला. सगुणा मात्र दाराकडं बघत राहिली. आता येतील, तिला वाटलं. आता बोंबाबोंब होणार.

आणि खरंच दार वाजलं. दारात राधा उभी.

"चुकलं, बाई," सगुणानं हातच जोडले. "पुन्यांदा नाय होनार."

राधा तिच्याकडं बघतच राहिली. "तुम्ही मासळी खाता?"

"कोळी मी, दुसरं काय खानार?"

"अवो, मासळी विकता ते ठाऊक होतं, पण घराला दोन वर्षांत वास नाही, म्हणून मला वाटलं माळकरी असाल! घाटकोपरला नुसती सुकट भाजली म्हणून मालकानं आम्हांला सामानासकट रस्त्यावर काढलं होतं. इथं तुमच्या भीतीनं मी खिडकी लावून..."

"आनि मी तुज्या भीतीनं," सगुणा म्हणाली. भिकाजीला हसावं की काय करावं कळेना. श्यामसुंदर खरोखरच हसला. गेल्या चार दिवसांचं कोडं एकदाचं सुटलं होतं ना.

राधा हसली नाही. ती इंजिनिअरच्या हातातल्या त्या काळ्या पडलेल्या नळीकडं बघत होती.

"साहेब, माझ्या सासूबाई होत्या, सोनूबाई. दम्याच्या. थंडी वाजते म्हणून दिवसभर स्वयंपाकघरातच बसायच्या, स्टोजवळ. गेल्या वर्षी गेल्या." तिचा आवाज अगदी साधा होता. "ती खिडकी उघडी असती, तर?"

श्यामसुंदरचं हसू मावळलं. त्यानं वही उघडली, मिटली. "सांगता नाही येत, ताई," तो कसाबसा म्हणाला. "खरंच नाही सांगता येत."

राधा तिथंच उंबऱ्यावर बसली. भिकाजीनं खाली मान घालून लेकीची ट्रंक उचलली आणि आत नेऊन कॉटखाली सरकवली. रुक्मिणी पाणी घेऊन आली, तो पेला सगुणानं तिच्या हातून घेतला, राधाच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या ओठाला लावला.