हानुसच्या स्वेटरची दुसरी बाही

"ओढू नकोस, कात्रिन. ओढलास की आणखी खाली पळतो तो," म्हणत सुन्नवाने पोरीच्या हातातलं विणकाम काढून घेतलं, सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली आणि मगच कॉफीचा घोट घेतला. टाका गळला की आधी त्याला धरून ठेवायचं, रडारड नंतर, हा तिचा पहिला नियम. मग क्रोशाची सुई घेऊन तिने तो टाका एकेक ओळ वर चढवत आणला आणि सुईवर बसवून दिला. कुठे गळला होता ते कात्रिनला स्वतःलाच सापडेना.

दर मंगळवारी दुपारी बंदरावरच्या लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही बायका जमतो. दुकान सुन्नवाचं नाही, पण ते टेबल तिचंच. उभं आयुष्य तिने मासळीच्या कारखान्यात माशाचे काटे काढण्यात घालवलं. दिसला काटा की उपट, अशी बोटांना सवयच लागलेली, आणि विणकामातही तिची बोटं तशीच चालत. ओळ अर्धी टाकून उठू नका, परत बसता तेव्हा हात बदललेला असतो. नवी लोकर जोडताना गाठ मारू नका, दोन्ही टोकं थुंकीने ओली करून तळहातांत चोळा, लोकर लोकरीला आपोआप धरते. हे सगळं आम्ही तिच्याकडून शिकलो. माझ्या मोज्यांच्या टाचा मात्र अजून वाकड्याच येतात.

त्या टेबलाशी एकच बाई अशी होती जी काहीही शिकली नाही. मालान. गप्पांच्या नादात ती टाके मोजायची विसरे, रागात घट्ट विणे, हसताना सैल. "तू आहेस ना दुरुस्त करायला," असं सुन्नवाला बिनदिक्कत सांगे. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. सुन्नवा तिला वाट्टेल ते बोले आणि घरी नेऊन तिचं विणकाम नीट करून आणे. हिवाळा सरता सरता मालान गेली. शेवटचे काही आठवडे ती राजधानीतल्या हॉस्पिटलात होती. नवरा हानुस तिच्यासोबत तिथेच राहिला होता.

त्या मंगळवारी हाच हानुस दारात उभा होता. टोपी काढून हातात धरलेली, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. बायकांच्या खोलीत यायचं म्हणजे त्याला संकटच. त्याने पिशवी सुन्नवापुढे ठेवली. आत एक तपकिरी स्वेटर होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. अंग झालेलं, एक बाही झालेली, दुसरी खांद्यापासून कोपराच्या खाली वीतभर येऊन सुईवरच थांबलेली. माझ्यासाठी विणत होती, एवढं तो म्हणाला. पुरा करून देशील का, असं विचारलं.

"शेवटी शेवटी जरा वाकडं झालंय," तो म्हणाला.

"त्याची काळजी तू करू नकोस," सुन्नवा म्हणाली.

त्याने टेबलाभोवतीच्या आम्हा सगळ्या बायकांकडे एकदा बघितलं. मग टोपी घालून गेला.

सुन्नवाने बाही खिडकीपाशी उजेडात धरली आणि आम्ही सगळ्या वाकून बघू लागलो. कोपरापर्यंत नेहमीची मालान होती, सैल पण बरी. त्याखाली नुसता गोंधळ होता. ठिपके भरकटलेले, मध्येच दोन टाके एकत्र विणलेले, एक टाका गळा आवळल्यासारखा घट्ट तर शेजारचा इतका सैल की बोट आत जावं.

"अगं बाई, हे काय विणलंयस?" सुन्नवा मालानशी बोलावं तसं म्हणाली. "दोघींनी सुईसाठी भांडण केल्यागत दिसतंय." आम्ही हसलो. तीही हसली, मग तिचे डोळे भरून आले. आयुष्यभर हिच्या विणकामाला आपण हसलो, ती म्हणाली, पण आता हा स्वेटर घालून हानुस गावात फिरणार. मालानच्या माघारी तिला कोणी हसता कामा नये. कुठे ती थांबली आणि कुठे मी सुरू केलं, हे कुणाला कळू देणार नाही.

तिने सुई उपसली आणि उसवायला घेतलं. ती ओढत गेली, मी गुंडाळत गेले. त्या वीतभर विणीला कितीसा वेळ लागणार? अर्धा कप कॉफीही संपली नाही.

उसवलेली लोकर कुरळी असते, टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहतात. तशीच विणली तर वीण कधी सारखी येत नाही. म्हणून सुन्नवाने तिची लडी केली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली वजनाला चमचा बांधून टांगून ठेवली. दुसऱ्या दिवशी लोकर नव्यासारखी सरळ झाली होती. मग तिने स्वतःच्या नेहमीच्या सुईपेक्षा जाड सुई घेतली, कारण मालानचा हात सैल होता, आणि मालानसारखंच थोडं सैल विणत बाही मनगटाच्या पट्टीपर्यंत पुरी केली. तिने इतकं चांगलं काम कधी केलं नसेल. मालानचा हात तिने हुबेहूब उचलला होता, फक्त चुका सोडून.

पुढच्या मंगळवारी बाकीच्या बायका गेल्यावर हानुस आला. मी कपबश्या विसळत होते. सुन्नवाने स्वतः त्याला स्वेटर चढवला, खांद्यावर नीट केला. अगदी मापात बसला. उजव्या हाताचं बोट त्याने डाव्या बाहीवर कोपराजवळ ठेवलं आणि हळूहळू खाली नेलं. परत वर नेलं, परत खाली.

"कुठंय?" त्याने विचारलं.

"सापडणार नाही," सुन्नवा खुशीत म्हणाली. "मलासुद्धा सापडत नाही."

"ते वाकडं होतं ते?"

"उसवलं. सगळं नीट केलं."

हानुस खुर्चीवर बसला. मनगटाची पट्टी त्याने बोटांत धरली.

"ते आम्ही दोघांनी विणलं होतं," तो म्हणाला. "तिच्या डाव्या हातात जोरच नव्हता उरला. तर त्या हातातली सुई मी धरायचो. मी तिच्या पलंगावर बसायचो, खांद्याला खांदा लावून. ती सांगायची, मी तसं करायचो. रोज एक ओळ, कधी तीही नाही. मला कुठलं येतंय? ती हसायची नुसती. म्हणायची, सुन्नवा बघेल तर आपल्या दोघांना घराबाहेर काढेल."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"अरे, मग सांगायचंस ना," सुन्नवा म्हणाली.

"सांगणार होतो त्या दिवशी. तुम्ही सगळ्या बसला होतात. लाज वाटली मला." मग त्याने विचारलं, "त्यातलं काहीच राहिलं नाही का?"

"लोकर तीच आहे," ती म्हणाली. ती लोकर तिने धुतली होती. चमचा बांधून सरळ केली होती. त्यात आता कुणाच्याच हाताचं वळण नव्हतं.

"मी उसवलं, हानुस. मीच उसवलं सगळं."

तो तिच्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

एकाएकी सुन्नवाने टेबलावरचे उरलेले तपकिरी-पांढरे लोकरीचे गुंडे ओढले आणि सुईवर टाके घालायला लागली. मला सगळं आठवतंय, ती म्हणत होती, चूक मी कधी विसरत नाही. इथे ठिपका हुकला होता. इथे दोन टाके एकत्र. हा तिचा, सैल. हा तुझा, घट्ट. तिच्या बोटांना घाई झाली होती. हानुस वाकून बघत होता आणि मीही ओल्या हातांनी जवळ गेले. चार बोटं वीण झाल्यावर तिने ते उजेडात धरलं. सैल टाके शेजारच्यांशी जुळून सारखे झाले होते. ठिपका हुकवायचा म्हणून हुकवलेला, तर पुढच्याच ओळीत बोटांनी आपणहून तो सावरून घेतला होता. तिने ते उसवलं, परत घातलं. आताही ते तसंच सरळ आलं.

"राहू दे, सुन्नवा," हानुस म्हणाला.

त्याने स्वेटरवर कोट चढवला. कोटाच्या बाहीत हात घालताना स्वेटरची पट्टी मुठीत धरून ठेवली, आणि उबदार झालाय, आभारी आहे, असं म्हणून तो गेला.

मी कपबश्या पुसल्या, फडताळात लावल्या, टेबल पुसलं. सुन्नवा मान खाली घालून विणतच होती, आणि काही केल्या तिचा टाका चुकत नव्हता.