नवा चहा रविवारी

ते १९९२ साल होतं, जानेवारीतला तिसरा शनिवार, आणि आमच्या घरातल्या ज्या माणसाला नुसत्या वासावरून चहाचा मळा ओळखता यायचा, त्याला त्या दिवशी कसलाच वास येत नव्हता.

मी शेजारी हळदीकुंकवाला गेले होते. परत येताना मला जिन्यातच जळका वास लागला. आत येऊन बघते तो गॅसवर दुधाचं पातेलं तळाशी काळं झालेलं, आणि हे तिथून चार पावलांवर खुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"अहो, दूध जळलं की सगळं."

"कधी?" यांनी विचारलं. मग उठून पातेल्यावर वाकले, दोनदा श्वास ओढला आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "काही कळत नाहीये, वसू. सर्दीनं पार बंद झालंय नाक."

"मग आज तुमच्या चहाला सुट्टी."

"उद्यापर्यंत सुटेल," ते म्हणाले. "रविवार आहे उद्या."

माझे यजमान कमळाकर उरण रस्त्यावरच्या एका खाजगी गोदामात टॅली क्लार्क होते. न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि त्या रस्त्याला गोदामं उभी राहिली, तेव्हापासून. आलेला माल मोजायचा, गेलेला मोजायचा, कागदावर सही करायची. त्यांच्याकडे दोनच पँटी होत्या, दोन्ही राखाडी. कोणाशी भांडण नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ऑफिसातली माणसं त्यांचं आडनावसुद्धा विसरत. फक्त चहा म्हटला की हा माणूस वेगळाच व्हायचा.

पनवेलच्या स्टँडसमोर इराण्याचं हॉटेल होतं. तिथला म्हातारा मालक नवीन चहा आला की यांच्यासाठी चमचाभर कागदात बांधून ठेवायचा. एकदा मुंबईला फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात मला घेऊन गेले. दोघांत एक किटली मागवली आणि वेटरला म्हणाले, "याचा डबा बाहेर आणून दाखवता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेटरनं डबा आणला. यांनी झाकण उघडून डोळे मिटले आणि म्हणाले, "संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी आहे यात. बघ तरी." मी बघितलं. खरंच होतं. परतीच्या एस.टी.त ते पनवेल येईपर्यंत त्या संत्र्याबद्दलच बोलत होते.

घरी एक नियम होता. नवा चहा रविवारीच उघडायचा. सकाळी आंघोळ झाल्यावर, काही खायच्या आधी, पहिला कप दुधाशिवाय. त्यात घरी असेल तो प्रत्येक जण सामील. आमची अनुया तेव्हा अकरा वर्षांची होती, तिलाही दोन घोट मिळायचे. आधी वास घ्यायचा, मग काय आठवतं ते सांगायचं. अनुया एकदा म्हणाली, "बाबा, पावसात भिजलेल्या दप्तराचा वास येतोय." हे इतके खूश झाले की आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

ही शिकवणी गोदामातही चालायची. पोती फाटून चहा सांडला की झाडणाऱ्या बायका तो गोळा करून घरी नेत. सगळ्या गोदामांत तशीच पद्धत होती, कोणी अडवत नसे. त्या बायकांत भागी होती. नेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. सकाळी ठेकेदाराचा ट्रक तिला घेऊन जायचा आणि संध्याकाळी पनवेलला सोडायचा. यांनी तिला ओंजळीत चहा घेऊन वास घ्यायला शिकवलं होतं. "नेहमीसारखा वास आला तर तो साधा. वेगळा आला तर तो भारी, बरं का. तो मला दाखवायचा." भागीचं नाक तिखट होतं. कधीकधी ट्रकमधून उतरली की ती आमच्या तळ्याजवळच्या घरी यायची, पदराच्या गाठीत चहा घेऊन. हे त्याचं नाव सांगायचे, थोडा ठेवून घ्यायचे, बाकीचा तिला द्यायचे.

त्या शनिवारी ती आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. हे डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत होते.

"साहेब, ह्यो बगा," ती दारातूनच म्हणाली. "आजपावेतो असा नाय घावला."

यांनी टॉवेल बाजूला केला. भागीनं गाठ सोडून फडकं पुढे धरलं. काळा, बारीक दाण्यांचा चहा. मी दारापाशी उभी होते, चांगली दोन हात लांब, तरी मला काहीतरी गोडसर, शाईसारखं नाकाशी जाणवलं. यांनी ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. संत्रं आलं नाही, पाऊस आला नाही.

"वेगला हाय ना साहेब?"

आता खरं सांगायचं, तर यांनी एवढंच म्हणायचं होतं की बाई, मला सर्दी झालीय, सोमवारी सांगतो. पण भागी अशी बघत होती, जशी शाळेतली मुलगी पाटी दाखवून बघते. आणि या एकाच गोष्टीत जगात कोणीतरी त्यांना मानत होतं.

"वेगळा आहे," ते म्हणाले. "छान आहे. असा सहसा मिळत नाही."

"म्हंजे पियाला चांगला?"

"अगं, चहा प्यायलाच असतो."

"नाय, जरा डोक्यात जातो वास, म्हनून इचारला. खरंच चांगला ना?"

"चांगलाच आहे. पण आज उघडू नकोस. उद्या रविवार."

"म्हाइत हाय मना," भागी हसली. तिनं अर्धा चहा आमच्या वाटीत काढून ठेवला, अर्धा परत गाठीत बांधला आणि गेली.

 मला माहीत होतं की या माणसाला दुपारी जळलेलं दूध कळलं नव्हतं. पण नवऱ्याला कामकरणीसमोर कशाला उघडं पाडायचं, असं वाटलं. त्या वाटीवर मी बशी झाकली आणि ती फडताळात ठेवली. हात मात्र का कोण जाणे, साबणानं धुतले.

रविवारी सकाळी हे गुणगुणत उठले. नाक सुटलं होतं. "वसू, फोडणीचा वास येतोय. खालच्यांकडे कांदेपोहे," न्हाणीतून ओरडून सांगितलं. आंघोळ करून आले, आधण ठेवलं, तीन कप मांडले. अनुया ओट्याला टेकून उभी होती. "मी आधी वास घेणार," ती म्हणाली आणि तिनं वाटीकडे हात नेला.

"थांब, मला बघू दे," म्हणत यांनी बशी उचलली.

मग ते तसेच उभे राहिले. पाणी उकळायला लागलं तरी हलले नाहीत. मी गॅस बंद केला.

"अनुया," ते अगदी हळू म्हणाले, "हात लावलास का याला?"

"नाही."

"बोटानं? चाखलास?"

"नाही हो बाबा. काय झालं?"

"तीन नंबरच्या शेडमधला वास आहे," ते माझ्याकडे वळून म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "गुरुवारी तिथे फवारणीच्या औषधाचं पिंप गळलं. कवटीचं चित्र होतं त्यावर. भुसा टाकून पुसून घेतलं नुसतं. शुक्रवारी जागा नव्हती म्हणून चहाची पोती तिथेच लावली. मी मुकादमाला, कृष्णकांतला म्हणालो होतो की चहा सगळं ओढून घेतो, तिथे नको. तो म्हणाला, एका दिवसाचा प्रश्न आहे." मग त्यांना पुढचं आठवलं असावं, कारण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. "वसू, रविवार आहे."

अनुयाला शेजारी सोडलं आणि आम्ही रिक्षा केली. रस्ताभर हे एकच बोलत होते. "ती लोकं उशिरा उठत असतील ना सुट्टीच्या दिवशी? लाकडं आणायला जातात आधी. चहा नंतर." मी हो म्हणत राहिले. गाढी नदीच्या कडेनं रिक्षा जात होती, वाऱ्यात गारठा होता, शेतात वाल फुलला होता. इतकी सुंदर सकाळ मी नंतर कधी पाहिली नाही, आणि पाहावीशीही वाटली नाही.

रस्ता संपला तिथे रिक्षा थांबवून ठेवली आणि पायवाटेनं निघालो. अर्ध्या वाटेत भागीच समोरून आली, डोक्यावर दोन हंडे. आम्हाला बघून तिचं तोंड भरून हसू आलं. माझ्या जिवात जीव आला.

"साहेब? बाय पन? आमच्या वाडीवर?"

"चहा," हे धापा टाकत म्हणाले. "भागी, तो चहा कुठाय?"

"उगाडला ना आज. तुमीच सांगितलाव, आयतवारी." ती कौतुकानं सांगत होती. "धन्याला दिला पयला. त्यो म्हनं कडू लागतो गो. मी म्हनला, साहेबांनी चांगला सांगितलाय, पी गप. प्यायला सगला. मी पानी घेऊन पिनार मंग."

हे तिच्या बाजूनं पळत सुटले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बंडी आणि राखाडी पँट, वाटेत चप्पल राहिली तरी थांबले नाहीत. मागे हंडे पडल्याचा आवाज झाला.

भागीचा नवरा मंगळ्या खोपटाच्या कुडाला टेकून बसला होता. अंगावरून घाम वाहत होता, लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. समोर जर्मनचा रिकामा पेला. वाडीतली माणसं लांब उभी होती. कोणीतरी म्हणालं, झाडाचं भूत लागलंय. यांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, मग चौघांनी मिळून झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं. रिक्षात त्याचं डोकं भागीच्या मांडीवर होतं. नेरं मागे पडलं तेव्हा तो एकदा जोरात ताठ झाला. पनवेलला दवाखान्याच्या दारात डॉक्टर बाहेर आले, त्यांनी डोळ्यावरची पापणी वर केली आणि ती परत खाली सोडली.

भागी रडली नाही. ती यांच्याकडे बघत होती.

"साहेब," ती म्हणाली, "मी दोनदा इचारला."

संध्याकाळी कृष्णकांत घरी आला. गोदामाचा मुकादम, वयानं यांच्यापेक्षा बराच लहान, नेहमी इस्त्रीचे कपडे. त्यानं चहा नको म्हटलं.

"कमळाकरराव, ऐकलं मी. वाईट झालं. पण वाडीवरचा माणूस, रविवारची सकाळ. काय प्यायला असेल कोण जाणे. दवाखान्यात पण दारूच लिहितायत, मी विचारून आलोय. तीन नंबरचा विषय काढू नका."

"काढलाय."

"कुठे?"

"चौकीवर लिहून दिलं दुपारी. वाटीतला चहाही दिला."

कृष्णकांत खुर्चीतच पुढे सरकला. "काय लिहिलंत?"

"पिंप गळलं होतं, पोती तिथे ठेवली, हे लिहिलं. आणि मला सर्दी होती, वास येत नव्हता, तरी मी चांगला आहे म्हणालो, हे लिहिलं."

"दुसरं कशाला लिहायचं? ते कुणी विचारलं होतं का?"

"तिनं विचारलं होतं," हे म्हणाले. "दोनदा."

त्या कागदाचं पुढे काही झालं नाही. वाटी कुठे गेली ते कधीच कळलं नाही. कागदोपत्री मंगळ्या दारूनं गेला. त्या पोत्यांतला बाकीचा चहा कुठे गेला, हे विचारायला हे तीन वेळा गोदामाच्या दारावर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या वेळी वॉचमननं, जो यांना रोज नमस्कार करायचा, आत सोडलं नाही. तोपर्यंत त्यांना कामावरून कमी केलं होतं. पुढे कित्येक महिने पनवेलात कुठे कोणी अचानक गेल्याचं कानावर आलं की हे जेवता जेवता थांबायचे.

नंतर ते एका लाकडाच्या वखारीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. चहा सोडला नाही. पण घरात कोणासाठीही चहा झाला की पहिला कप स्वतः घ्यायचे, घड्याळात बघून दहा मिनिटं थांबायचे आणि मगच बाकीच्यांना द्यायचे. पाहुणे गार चहावरून चेष्टा करायचे. हेही हसायचे, पण दहा मिनिटं चुकली नाहीत. २००८ साली झोपेत गेले.

कृष्णकांतनं पुढे स्वतःचं कंटेनर यार्ड काढलं. लग्नाकार्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो. अनुया पुण्याला असते, कॉफी घेते. इराण्याचं हॉटेल गेलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

भागी वीटभट्टीवर जायला लागली. दरवर्षी वैशाखात करवंदांची पाटी घेऊन दारात यायची. हे बाहेर येऊन दर वेळी विचारायचे, "भागी, चहा घेतेस का?" ती म्हणायची, "नगो साहेब." सोळा वर्षं हेच. हे मान हलवून आत जायचे.

हे गेल्याचं तिला पुढच्या वैशाखात कळलं. उंबऱ्याशी बसून राहिली बराच वेळ.  मग म्हणाली, "बाय, चा हाय का?"

मी आत जाऊन चहा टाकला, साधाच, वाण्याकडचा. दोन कप बाहेर आणले आणि यांच्या सवयीप्रमाणे आधी माझा उचलला. भागीनं माझ्या मनगटावर हात ठेवून तो खाली ठेवायला लावला. मग तिनं आपला चहा बशीत ओतला, आणि गरम होता तोच, माझ्याआधी, सगळा प्यायली.