तीनच्या आतलं काहीही

बेसा भागातल्या टू बीएचकेत अश्विन एकटा राहायचा आणि एकटाच काम करायचा. ऑफिस लॅपटॉपमध्ये, माणसं स्क्रीनवर, तीही कॅमेरा बंद करून. दातांच्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट देणारा प्रोग्राम त्याच्याकडे होता. त्यातली तारखांची आकडेमोड करणारं तयार कोडचं पॅकेज प्रशिकनं, त्याच्या जुन्या मित्रानं, लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं.

असं बाहेरचं पॅकेज वापरायचं, तर त्याची कोणती आवृत्ती चालेल ते एका फाइलीत लिहावं लागतं. शहाणा माणूस नेमका एकच आकडा लिहितो. अश्विननं लिहिलं होतं: २.४ किंवा त्यापुढची कोणतीही, फक्त तीनच्या आतली. म्हणजे प्रशिकनं नवं काही काढलं, की ते आपोआप इकडे येणार. एकेकाळी दोघं एका ऑफिसात, एका डब्यात जेवायचे. मग प्रशिक हैदराबादला गेला. फोन आटले. ‘नंतर करतो’ म्हणाला, तो फोन काही आला नाही. भांडण नाही, तंटा नाही. पण आवृत्त्या येत राहिल्या, आणि हा वेडा अश्विन पॅकेजच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखाली न चुकता लिहायचा, ‘प्रशिक, मस्त बे!’ उत्तर कधीच यायचं नाही. एकदा नेमकी त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या दिवशी आवृत्ती आली, तर गड्यानं एकट्यासाठी अर्धा किलो केक मागवला.

मागच्या आठवड्यात २.९ आली. तिच्यात आठवडा सोमवारऐवजी रविवारपासून मोजला जाऊ लागला. दवाखान्यांच्या तारखा एक दिवस मागे सरकल्या, आणि कामठीची एक म्हातारी सुजलेला गाल घेऊन रविवारी बंद शटरसमोर दोन तास बसून राहिली.

सोमवारी सकाळीच टीम लीड हर्षाचा फोन आला.

“तो आकडा मोकळा काहून ठेवला गा? तीनदा सांगितलं ना तुले, फिक्स कर म्हणून!”

“करून राहिलो,” तो म्हणाला. कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

फिक्स करणं त्याच्या अगदी जिवावर आलं. तेवढाच तर प्रशिक उरला होता. म्हणून त्यानं आधी पॅकेजच्या पानावर तक्रार लिहिली: ‘प्रशिक, असा घोळ तू घालत नाहीस. लवकर दुरुस्त कर, नाहीतर मले तुझ्या आवृत्त्या बंद कराव्या लागतील.’

तासाभरात उत्तर आलं. अमरावतीच्या कुणा मयुराचं.

‘सर, चूक माझी आहे. प्रशिक सरांनी दोन वर्षांपूर्वी हे पॅकेज माझ्याकडे सोपवलं. ते आता या कामात नाहीत. २.५ पासूनचं सगळं मीच काढते. तुम्ही दर वेळी त्यांचं नाव लिहायचात, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दुसरं कुणीच काही लिहीत नाही, म्हणून राहू दिलं. उद्या दुरुस्ती टाकते.’

अश्विनला रडू आलं. रागही आला, पण कुणावर ते कळेना. दोन वर्षं तो ज्याच्या सोबतीनं जगत होता, तो तिथे नव्हताच.

त्यानं फाइल उघडली. आदल्या आठवड्यापर्यंत बिनबोभाट चाललेली २.८ लिहिली असती, तरी भागलं असतं. त्यानं लिहिलं: फक्त २.४.

“एवढी जुनी काहून?” हर्षानं विचारलं.

“हीच बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी मयुरानं २.९.१ काढली. अश्विननं पान उघडून पाहिलं. दुरुस्ती चोख होती. संध्याकाळी त्यानं पुन्हा पान उघडलं. खाली कुणीच काही लिहिलं नव्हतं. त्यानंही लिहिलं नाही.