शीव बांधली त्या दिवशीची शाळा

एकोणीसशे चौतीसच्या श्रावणात खैरीपाणी गावाची शीव बांधली गेली, आणि नेमके त्याच दिवशी डिपोटी साहेब शाळा तपासायला आले.

खैरीपाणी सातपुड्यात, धडगावच्याही आत. पलीकडच्या गावात गुरांना बुळकांडीचा रोग लागल्याची खबर आली, तेव्हा पुजारा उदेसिंग पहाटे उठला. शेंदरात बुडवलेले कच्चे सूत झाडाझाडाला गुंडाळत तो सगळ्या गावाभोवती फिरून आला. नाल्यापाशी सूत अलीकडच्या काठाने, करंजाच्या झाडांवरून गेले. सूत बांधले की दिवस मावळेपर्यंत आतला माणूस बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. हातातली वस्तूसुद्धा सुतावरून जात नाही. जाते फिरत नाही, कुऱ्हाड चालत नाही, बैलांच्या घंटांत गवत कोंबतात. ज्याने आदल्या रात्री गावात भाकरी खाल्ली तो आतला, मग तो कुठलाही असो. कोणी ओलांडले तर बांधणी तुटली, आणि तुटलेली शीव त्या वर्षी पुन्हा बांधता येत नाही.

त्या दिवशी ढग डोंगरावरून उतरून थेट अंगणात आले होते. झोपड्या अर्ध्याच दिसत होत्या. बैल गोठ्यात मान हलवत आणि काहीच वाजत नसे. माणसे एकमेकांशी हळू बोलत, आणि बोललेले शब्द ओल्या कापसासारखे तिथेच पडून राहत. गाव जागे होते, पण कुणाच्या तरी स्वप्नातल्यासारखे जागे.

दोधू मास्तरांनी शाळा भरवली होती. त्यांनी उदेसिंगला आधी विचारले होते.

"दादा, आज शाळा चालेल का?"

"शाळा म्हणजे काय दळण आहे?" उदेसिंग म्हणाला. "बसू दे पोरांना. फक्त घंटा नको."

मास्तर खाली सपाटीवरच्या रनाळ्याचे. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि पोरे पावरी बोलणारी. पहिल्या वर्षी पुस्तक उघडले की पोरे तोंड मिटून बसत. पुस्तकात बंदर होते, गलबत होते, राजाचा हत्ती होता. मास्तरांनी एके दिवशी पुस्तक बाजूला ठेवले आणि विचारले, "काल गावात काय झालं?" तेव्हापासून शाळेचा पहिला तास बातमीचा. कुणाची गाय व्याली, कुणाच्या शेतात रानडुक्कर शिरले, कोण रुसून माहेरी गेली, हे पोरे सांगत, मास्तर ते मराठीत फळ्यावर लिहीत आणि पोरे तेच वाचायला शिकत. गावातल्या बायांना हा तास फारसा आवडत नसे. "आमची भांडणं भिंतीवर लावतोस," असे फुलवंताबाई त्यांना म्हणे. ती उदेसिंगची बायको. मास्तर तिच्याच घरी जेवत.

शाळा जिल्हा बोर्डाने दोन वर्षांच्या बोलीवर दिली होती. तपासणी झाली आणि साहेबाने बरे लिहिले तर कायम; नाहीतर दिवाळीनंतर बंद. पहिल्या वर्षी साहेब धडगावापर्यंत येऊन पावसामुळे परत गेले होते. आता दुसरे वर्ष सरत आले होते. गावाने स्वतः लाकूड तोडून, कूड लिंपून ही खोली उभी केली होती. ती मोकळी पडली तर तिच्यात शेळ्या बांधतील, हे मास्तरांना रोज सकाळी दार उघडताना दिसे.

"आजची बातमी कोण सांगतो?" त्यांनी विचारले.

उदेसिंगची नात रेवा उठली. "आज कुठलाच आवाज नाही, ही बातमी."

मास्तर खडू घेऊन वळतात तोच दारात धनसिंग आला. तो मोठ्या वर्गातला, उशिरा येणारा. "मास्तर, नाल्यापलीकडे डोली आलीय. टोपीवाला माणूस आहे. हस्तीमल शेठ पण आहे."

नाला रुंद होता, पण पाणी जेमतेम गुडघाभर. पलीकडच्या काठावर धुक्यात डोली टेकवलेली होती. भोई तिच्यापासून दूर जाऊन उकिडवे बसले होते. करंजावरचे लाल सूत त्यांनी पाहिले होते आणि आता त्यांना कोणी हलवू शकत नव्हते. डोलीशेजारी धडगावचे दुकानदार हस्तीमल मिठाची गोणी लादलेल्या घोड्याचा लगाम धरून उभे होते. साहेबांना वाट दाखवायला म्हणून ते आले होते, आणि जाता जाता मीठही विकणार होते.

"ओ मास्तर!" हस्तीमलनी हाक मारली. "साहेब बलाई ऱ्हायनात. काय करी ऱ्हायना तू तठे?"

"शेठ, शीव बांधेल शे."

"आते मन्हा मीठनं काय करू? पावसात इरघळी जाई!"

"घोडालेच चारा," फुलवंताबाई काठावर येऊन म्हणाली. ही अहिराणी तिने बाजारात कमावली होती. "तुमना मापनं मीठ घोडालेच पुरी."

अलीकडे हसू पसरले आणि लगेच दबले. डिपोटी साहेब डोलीतून उतरले. मध्यम वयाचे, बारीक, चष्म्यावर पाणी. त्यांनी परिस्थिती दोन-चार प्रश्नांत समजून घेतली. मग बूट काढले, मोजे बुटात नीट घालून ठेवले, धोतर खोचले आणि एक पाय पाण्यात टाकला.

अलीकडच्या काठावर पोरे एका ओळीत उभी होती, मागे बाया, त्यांच्या मागे धुक्यातून नुसती मुंडासी. सगळे साहेबांच्या पायाकडे पाहत होते. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुरात वाहून चाललेल्या आपल्या माणसाकडे पाहावे तसे ते पाहत होते. साहेब काही क्षण तसेच थांबले. मग त्यांनी पाय मागे घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी येत नाही. मास्तर, तुम्ही या. मुलांच्या पाट्या घेऊन या. तुम्ही काही इथले नाही."

"खरं शे!" हस्तीमल म्हणाले. "मास्तर तर रनाळाना. तेले कसाना बांध?"

दोधू मास्तर पुढे झाले. सूत त्यांच्या छातीपाशी होते, पावसाने ओले, शेंदूर करंजाच्या सालीवर ओघळलेला. त्याखालून वाकून निघाले असते तर सूत हललेसुद्धा नसते.

"काल मी इथे जेवलो आहे, साहेब."

"मी तुम्हाला विनंती करत नाही. हा हुकूम आहे. उद्या मला तोरणमाळच्या वाटेला लागायचं आहे आणि अहवाल या महिन्यात जायचा आहे. मी शाळा पाहिली नाही असं लिहिलं, तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे."

मास्तरांनी उदेसिंगकडे पाहिले. उदेसिंगच्या हातावर अजून शेंदूर होता. शाळा मागायला धडगावापर्यंत तोच पायी गेला होता, आणि सूतही त्यानेच बांधले होते. तो खूप वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

"दादा?"

"मी काय सांगू?" उदेसिंग हळू म्हणाला. "शाळा गेली तर मला रडू येईल. बैल गेले तर पोरं उपाशी राहतील. पाय तुझे आहेत, मास्तर. तुझं तू बघ."

धुके नाल्यावरून सरकले आणि पलीकडचा काठ पुसट झाला. घोडा तेवढा दिसत होता, आणि तोही पाण्यात उभा असल्यासारखा. मास्तरांना वाटले, आपण हा नाला कधीतरी झोपेत ओलांडला आहे आणि पलीकडे पोहोचल्यावर मागे गाव नव्हते. त्यांनी हात मागे बांधले.

"साहेब, मी येऊ शकत नाही."

"येऊ शकत नाही की येत नाही?"

"येत नाही."

बुटात पाय घालताना साहेबांचा तोल गेला आणि हस्तीमलनी त्यांना धरले, एवढे दिसले. भोई उठून डोलीकडे आले. हस्तीमल पुटपुटले ते पाण्यावरून स्पष्ट ऐकू आले. "येडा शे का रे तू, मास्तर?"

तेव्हा रेवाने आजोबांची बाही ओढली. "आजा, आवाज तर पलीकडे जातोच आहे. तो चालतो का?"

उदेसिंगने विचार केला. "पाखरं जातात. वारा जातो. पाण्याला तर मी थांबवलंच नाही." मग तो मास्तरांकडे वळून म्हणाला, "आवाज जाऊ दे."

मास्तरांनी हाक मारली, "साहेब! तिथूनच तपासा. विचारा काय विचारायचं ते."

डोली उचलली गेली नाही. थोड्या वेळाने धुक्यातून कोरडा प्रश्न आला. "साताचा पाढा." पोरांनी तो म्हटला. मोठ्याने म्हणायचे नाही हे त्यांच्या अंगात मुरले होते, म्हणून त्यांनी तो दबक्या सुरात, अंगाई म्हणावी तसा म्हटला, आणि तो पाण्यावरून तरंगत गेला. मग तोंडी हिशेब आले. मग साहेबांनी पुस्तकातला धडा म्हणायला सांगितला आणि धनसिंगने बंदर, गलबत, राजाचा हत्ती सगळे न अडखळता म्हणून टाकले.

"हे पाठ आहे," साहेब म्हणाले. "पाठ तर पोपटही करतो. मला लिहिलेलं पाहायचं आहे."

पोरांनी पाट्या उंच धरल्या. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "काही दिसत नाही."

नाल्याकाठी अलीकडे एक काळा खडक होता, पलीकडे तोंड करून उतरता. सुताच्या आतच. मास्तर त्याच्याकडे पाहत होते. नाल्यातल्या पांढऱ्या गारगोट्यांवर पोरे मोजणी शिकली होती. काठावर त्यांचा खच पडला होता.

"साहेब, काय लिहायचं ते सांगा. खडकावर मांडतील."

"मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. त्यांचं त्यांना लिहू द्या. तुम्ही मागे व्हा."

मास्तर मागे झाले, बायांच्याही मागे जाऊन उभे राहिले. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. न सांगता लिहायचे म्हणजे काय, हे त्यांना क्षणभर कळेना. मग रेवा म्हणाली, "आजची बातमी राहिलीच आहे की," आणि ती गारगोट्या वेचू लागली.

ते काम सावकाश चालले. लहान पोरे ओच्यात गारगोट्या आणत, मोठी मांडत. ओल्या काळ्या खडकावर एक पांढरा काना उभा राही, मग मात्रा, मग कोणीतरी म्हणे, "इथे वाकडं झालं," आणि पुन्हा हलवाहलव. पाऊस नुसता हवेत होता. भोई आता उभे राहून पाहत होते. त्यांना वाचता येत नव्हते, पण काहीतरी उगवते आहे हे दिसत होते. हस्तीमलनी घोड्याचा लगाम सोडून दिला होता. साहेब काठाच्या टोकाशी येऊन, मान पुढे काढून, एकेक अक्षर जसजसे पुरे होई तसतसे वाचत होते.

गावात आज आवाज नाही.
साहेब भिजले. त्यांना आत घेता येत नाही.
आम्हाला वाईट वाटते.

शेवटची ओळ खडकाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथल्या 'ते'ची मात्रा घसरून पाण्यात पडली. धनसिंग ती काढायला वाकला, तशी फुलवंताबाईने त्याची लंगोटी मागून धरली. "हात बाहेर जातोय, मेल्या! दुसरी घे!"

साहेब बराच वेळ वाचत राहिले. तीन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"हे कोणी सांगितलं यांना?"

"कोणी नाही," रेवा म्हणाली. "ही बातमी आहे."

"मास्तर, पुढे या," साहेब म्हणाले. मास्तर सुतापाशी आले. आता दोघे एकमेकांना नीट दिसत होते. साहेबांचा आवाज पहिल्यासारखाच कोरडा होता. "मी जे पाहिलं ते लिहितो, जे पाहिलं नाही ते लिहीत नाही. शाळेची इमारत पाहिली नाही. मुलं पाहिली. त्यांना लिहिता येतं. शाळा कायम करावी असं मी लिहीन, आणि माझं बोर्डात ऐकतात."

अलीकडे कोणालाच लगेच काही कळले नाही. मास्तरांनी ते पावरीत सांगितले. उदेसिंगने दोन्ही तळहात तोंडावर ठेवले.

"आणखी एक," साहेब म्हणाले. "हुकूम दिला असता तुम्ही आला नाहीत. तेही मी पाहिलं आहे."

"लिहा, साहेब. दोन्ही खरं आहे."

"इथे ठेवणार नाहीत तुम्हाला."

"दुसरा कोणी येईल ना?"

"येईल. दिवाळीच्या आत." साहेब डोलीकडे वळले, थांबले. "मी तुमच्या जागी असतो तर आलो असतो," ते म्हणाले. त्यात दोष होता की आणखी काही, हे आवाजावरून ओळखू आले नाही.

डोली धुक्यात शिरली. हस्तीमल मागे राहिले. त्यांनी मिठाची गोणी घोड्यावरून उतरवली आणि काठावरच्या कोरड्या कपारीत ठेवली.

"दिन मावळना का लई जाज्यात," ते म्हणाले. मग फुलवंताबाईकडे पाहून, "आणि माप करी लेज्यात."

ते गेल्यावर बायाही एकेक करून परतल्या. पोरे खडकावर नवीन शब्द मांडू लागली होती; त्यांना आता कोणी तपासणार नव्हते. मास्तर करंजाला टेकून उभे होते. फुलवंताबाई जवळ आली. साहेबांचे शेवटचे बोलणे मास्तरांनी पावरीत सांगितले नव्हते.

"काय दिलं तुझ्या साहेबाने?"

"शाळा दिली."

"आणि नेलं काय?"

मास्तर खडकाकडे पाहू लागले. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग पलीकडच्या वाटेकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"कधी?" तिने विचारले.

"दिवाळीच्या आत."

मग पदराने तिने त्यांच्या खांद्यावरचा ओघळलेला शेंदूर पुसला, तो पुसला न जाता पसरला, आणि ती चिडल्यासारखी म्हणाली, "मग तोवर नीट जेवत जा. काल अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलास."

खडकाकडून रेवाची हाक आली. कुठल्याशा जोडाक्षरावरून तिचे आणि धनसिंगचे भांडण लागले होते, आणि गारगोट्या कमी पडत होत्या. मास्तरांनी धोतर खोचले आणि काठावर वाकून पांढरे दगड वेचायला सुरुवात केली.