पोटमाळ्यावरची चाकं

कसबा पेठेतल्या समाधान सायकल मार्टमध्ये नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे, हे तीन वर्षं कोणाला कळलं नव्हतं. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणारी माणसं त्या गल्लीत राहतात, तरी कळलं नव्हतं.

खाली गल्ल्यावर समाधान बसायचा, उजवा हात पँटच्या खिशात घालून. वर पोटमाळ्यावर त्याची बायको नंदा चाकं बांधायची. पोटमाळा इतका ठेंगणा, की उभं राहिलं तर डोकं तुळईला लागायचं. दुकान उघडायच्या आधी ती शिडीने वर जायची आणि दुपारी एकला शटर पडलं की उतरायची. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात म्हणून जग टिंगल करतं; नंदा त्या तीन तासांवर जगत होती. गिऱ्हाईक आलं की समाधान खाकरायचा. तो खाकरला की तिने हातातलं काम थांबवायचं आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. आयटीतल्या गिऱ्हाइकांना तर प्रश्न फार. पाऊण पाऊण तास पायाला मुंग्या येऊन जायच्या.

सुरुवात झाली ती समाधान स्कूटरवरून पडला तेव्हा. उजव्या हाताची नस दुखावली, अंगठा आणि दोन बोटं कायमची लुळी झाली. नेमकी त्याच वर्षी हिंजवडीच्या पोरापोरींना डोंगरातून सायकली हाणायची हौस फुटली होती. बाहेरून मागवलेली भारी चाकं सिंहगडाच्या मागच्या वाटेवर दोन महिन्यांत वाकडी व्हायची आणि समाधान मास्तरांनी बांधलेली व्हायची नाहीत. अपघातानंतरची पहिली ऑर्डर सोनाली नावाची एक मुलगी घेऊन आली. "मास्तर, तुमच्याच हातची हवीत हं," म्हणाली. समाधान हो म्हणून बसला. चाकं नंदाने बांधली. मग सोनालीने दहा जणांना सांगितलं, त्या दहांनी पन्नासांना, आणि खरं सांगायची वेळ टळली ती टळलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं समाधान म्हणायचा. मूठ झाकायला दुसऱ्याच कोणीतरी स्वतःला कोंडून घेतलं होतं, एवढंच.

नंदाला हे काम नवीन नव्हतं. तिचे वडील दशरथ सायकलच्या कारखान्यात चाकांच्या लाइनवर होते. संध्याकाळी पेठेतल्या दुकानांची चाकं ते घरी आणायचे आणि आठ वर्षांची नंदा त्यांत स्पोकच्या तारा ओवायची. समाधानही त्यांच्याच हाताखाली शिकला, पण दशरथ उघड सांगायचे, की तार छेडून ताण ओळखायला कान पोरीचा बरा. चाक सरळ फिरलं की बाकीचे काम संपलं म्हणतात. नंदा तिथून सुरू करायची. तारा जोडीजोडीने मुठीत धरून जीव खाऊन दाबायची, त्या कुरकुरून आपापल्या जागी बसायच्या, मग चाक पुन्हा किंचित वाकडं व्हायचं आणि ती पुन्हा त्याची आऊट काढून ते सरळ करायची. तीनदा, चारदा. टिकायचं कारण तेवढंच होतं. तळव्यांवर तारांचे वळ उठायचे आणि ते तिला आवडायचे.

एवढं आवडायचं, म्हणूनच तिला ते लपवून करणं सहन होईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

अशात सोनालीच्या कंपनीत सायकल दिवस ठरला. डोंगरातल्या सायकलचं चाक कसं निवडावं, यावर मास्तरांनी अर्धा तास बोलायचं.

"मी येणार," नंदा म्हणाली. "आणि शेवटी तुम्ही सगळ्यांना सांगायचं, चाकं मी बांधते म्हणून. तीन वर्षं झाली. आता बस."

समाधानने गल्ल्याचा खण लावला. मग म्हणाला, "सांगतो. शेवटी तुझं नाव घेतो. शब्द दिला."

नंदा निळी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. समाधान बोलला छान. हलकं म्हणजे चांगलं असं समजू नका, म्हणाला. छत्तीस तारा बघा, बत्तीसच्या खाली जाऊ नका, रिम रुंद घ्या. मध्ये बारीक आणि टोकाला जाड असलेली तार डोंगरात जास्त टिकते, कारण धक्का बसला की ती जराशी ताणते आणि परत येते. हे सगळं नंदाने त्याला आदल्या दिवशी घोटून दिलं होतं. मागे कोणीतरी ओरडलं, "मास्तर, हाताचा एक फोटो! गोल्डन हँड्स!" दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. समाधानचा उजवा हात खिशात आणखी खाली गेला.

सोनालीने टेबलावर दोन मागची चाकं ठेवली. "लास्ट क्वेश्चन, मास्तर. हे इम्पोर्टेड, कंपनीचं. हे तुमच्या दुकानातलं. डोंगरात कुठलं टिकेल? एकदम ऑनेस्टली."

हीच ती वेळ होती. नंदाने पदर सारखा केला.

मागच्या चाकाची एक गोष्ट असते, बांधणाऱ्याला ती पहिल्या महिन्यातच कळते. गिअरच्या चकत्या उजवीकडे बसतात, म्हणून उजव्या तारा डाव्यांपेक्षा घट्ट ओढाव्या लागतात. नाहीतर रिम मधोमध येतच नाही. त्यामुळे उजवी तार छेडली की टणकन वाजते आणि डावी खालच्या आवाजात. चाक जितकं नीट, तितका हा फरक नीट ऐकू येतो.

समाधानने डाव्या हाताने नंदाच्या चाकाची उजवी तार छेडली. टण्ण. मग डावी. टुंग.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "दोन बाजू दोन तऱ्हेनं वाजतात. आता हे बघा." त्याने कंपनीच्या चाकाची उजवी तार छेडली. टण्ण. शेजारचीही उजवीच. टण्ण. "एकसारखं. खरं सांगायचं तर, मंडळी, हातानं बांधायचे दिवस गेले. तयार चाक घ्या."

नंदाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती उभी राहिली. "अहो, त्या दुसऱ्याचीही डावी बाजू वाजवा की!"

"घरचा आहेर!" सोनाली माइकवर हसली, आणि दोनशे माणसं हसली. समाधानने तार छेडली नाही. चहा तयार असल्याची घोषणा झाली आणि सगळे उठले.

परतीची बस औंधला आली.

"सुटलीस तू," समाधान म्हणाला. "आता ऑर्डरी थांबतील. तयार चाकं ठेवू. तू खाली ये, गल्ल्यावर बस. वर चढायला नको, लपायला नको."

"मला पोटमाळ्यावरून उतरायचं होतं. कामावरून नाही. आणि माझंच चाक खोटं ठरवलंत, माझ्यादेखत."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "एवढ्या टाळ्यांत नाही गं निघालं तोंडातून."

तिला त्याची कीव आली आणि त्याचा राग आला, आणि रागच उरला.

हातात घेतलेली दोन चाकं पुरी करायची होती, म्हणून पुढच्या शनिवारी नंदा पुन्हा पोटमाळ्यावर होती. बाराच्या सुमारास खाली समाधान खाकरला. तिने तारेवरचं बोट उचललं. आवाज सोनालीचा होता.

"मास्तर, मी तुमचं ऐकून तयार चाक घेतलं. घरी जाऊन दोन्ही साइड्स वाजवल्या. त्याचीही डावी बाजू खालीच वाजते! मग नेटवर वाचलं, गिअरचं चाक असतंच तसं. आणि काकूंनी तर तिथेच विचारलं होतं. असं का सांगितलंत?"

नंदा गुडघ्यांवर पुढे सरकून कठड्याशी आली. आता त्याला पळायला वाट नव्हती. एक तर मुद्दाम खोटं बोललो म्हणायचं आणि का ते सांगायचं, नाहीतर... दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

समाधानला सुचलं. "चुकलो मॅडम," तो म्हणाला. "मला ते ठाऊकच नव्हतं. आम्ही आपले साध्या सायकलवाले. गिअरच्या चाकातलं आम्हाला काय कळतंय."

 दशरथ मास्तरांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला हा माणूस भर दुकानात अडाणी व्हायला तयार होता, पण बायकोचं नाव घ्यायला नाही.

ती एक वाजायची वाट बघत थांबली नाही. पुरं झालेलं चाक खांद्याला लावलं, तारा आवळायची चावी मुठीत घेतली आणि भर बाराला शिडीवरून उतरली. समाधान जोरात खाकरला. ती थांबली नाही.

"अय्या काकू, तुम्ही कशाला वजन उचलताय!" सोनालीने धावत येऊन चाकाला हात लावला.

"हे मी बांधलंय," नंदा म्हणाली. इतके दिवस घोळवलेल्या वाक्याला चार शब्दही लागले नाहीत, तीनच पुरले.

"हो? कित्ती छान!" सोनालीचा चेहरा खरोखर फुलला. "मास्तर, काकूंनाही शिकवलंत तुम्ही?"

नंदाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने गल्ल्यावरच्या फडक्याची घडी केली.

"थोडंफार," तो म्हणाला.

"पण थिअरी कळो न कळो, टिकतात तुमचीच. माझं मागचं चाक मात्र तुम्हीच बांधायचं हं, मास्तर. प्लीज. ते तयारवालं मी परत करते."

"हो हो."

नंदाने चाक भिंतीला टेकवलं. ती गल्ल्यामागे गेली आणि समाधानचा उजवा हात खिशातून ओढून बाहेर काढला. तो "नंदा, नंदा" म्हणत राहिला. तिने चावी त्याच्या बोटांत ठेवली.

"बांधा," ती म्हणाली.

चावी फरशीवर पडली. सोनालीने वाकून उचलली आणि हसत त्याच्या हातात दिली. ती पुन्हा पडली. सोनालीने पुन्हा उचलली. या वेळी तिने ती त्याला दिली नाही. ती चावी तशीच हातात धरून उभी राहिली, आणि मग तिने नंदाच्या तळव्यांवरच्या वळांकडे पाहिलं.