एकसष्ट कार्डं

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा मोजली, तरी एकसष्टऐवजी बावन्नच कार्डं भरली. नऊ कार्डांना पाय फुटले होते.

आणि ही काही रद्दीत टाकायची कार्डं नव्हती. हृदय दुबळं झालेल्या रुग्णांना औषध अगदी कमी मात्रेत द्यायचं, ही डॉक्टरांची स्वतःची पद्धत. अकरा वर्षं, दोनशे बारा रुग्ण, आणि आता आठ दिवसांनी परिषदेत त्यावरचा निबंध वाचायचा होता. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. आयुष्यात नाव लागण्यासारखं एवढंच हातून झालं होतं. त्या दोनशे बारांपैकी एकसष्ट जण मध्येच यायचे थांबले होते. त्यांच्या कार्डांवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने ‘सुधारणा’ लिहिलं होतं. बरा झालेला माणूस दवाखान्याची पायरी कशाला चढेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

दोन महिन्यांपूर्वी आलेली सिस्टर या कार्डांवरून तक्ता तयार करत होती.

“सिस्टर, नऊ कार्डं दिसत नाहीत.”

“माझ्याकडे आहेत सर. उद्या ठेवते जागेवर.”

“तुमच्याकडे कशाला?”

“जरा बघायचं होतं,” ती म्हणाली आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली.

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे ‘कात्री’ म्हणत, कारण दुसऱ्याचं काम दिसलं की ते कापायला घेत. सिस्टरची बदली त्यांच्याच सहीने झाली होती. म्हणजे पाणी कुठे मुरत होतं ते उघड होतं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकत होती. “अहो, काम करत असेल बिचारी. तुमचं आपलं चोराच्या मनात चांदणं.”

“चोर कोण? मी?”

“म्हण आहे ती. जेवा आता.”

डॉक्टर जेवले, पण त्यांना तो शब्द लागला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सिस्टर पर्समध्ये कार्डं घालून निघाली. पाठोपाठ डॉक्टरही निघाले. आयुष्यभर लोक त्यांच्या मागे धावले होते; कुणाच्या मागे जायची ही पहिलीच वेळ. सिस्टरने वळून पाहिलं तेव्हा ते एका दुकानासमोर उभे राहून तान्ह्या बाळांचे बूट निरखत होते. मग ती एका तीन मजली इमारतीत शिरली. डॉक्टर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि धाप लागून थांबले. वरून बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

“शिवणकाम करायच्या त्या बाई इथेच राहतात ना? मी दवाखान्यातून आलेय.”

डॉक्टर चमकले. या बाईंचं उदाहरण ते प्रत्येक व्याख्यानात देत असत.

“आई गेली. दीड वर्ष झालं,” तरुण बाईचा आवाज आला.

“आम्हाला कळवलं नाहीत?”

“तीच नको म्हणाली होती. शेवटी शेवटी पाय इतके सुजले की चपला चढेनात. म्हणाली, मागच्या खेपेला बरं वाटतंय असं सांगून आलेय, डॉक्टर किती खूश झाले होते. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

डॉक्टरांनी कठडा धरला. त्यांना भयंकर लाज वाटली. किती जण असं खोटं बोलून गेले असतील?

पावलं वाजली. खाली येणारी सिस्टर त्यांना पाहून थबकली.

“तुम्हाला कात्रीने पाठवलं?” त्यांनी विचारलं. शेवटची आशा म्हणूनच विचारलं.

“कुणीच नाही, सर. एकच शब्द एकसष्ट वेळा उतरवायचा होता. वाटलं, आधी विचारून यावं.”

“नऊपैकी किती जणांकडे जाऊन आलात?”

“ही सहावी. एक काका गावी असतात, ठणठणीत आहेत. बाकी पाच...” तिने पर्समधून बाईंचं कार्ड काढलं.

डॉक्टरांनी हात पुढे केला. कार्ड घेऊन ते उरलेला मजला चढले. मुलीने दार उघडलं आणि त्यांना ओळखून गडबडली. “डॉक्टर, तुम्ही? कळवायला हवं होतं का? चुकलंच आमचं.”

“तुमचं काही चुकलं नाही. तारीख सांगा.”

तिने सांगितली. त्यांनी कार्ड दाराच्या चौकटीवर टेकवलं. तिला ‘सुधारणा’ दिसलं.

“राहू द्या ना तसंच,” ती हळूच म्हणाली. “आईला तेच हवं होतं.”

नाही म्हटलं तरी डॉक्टरांना मोह झाला. मग त्यांनी त्या शब्दावरून एकच सरळ रेघ ओढली, खाली मृत्यूची तारीख घातली आणि सही केली.

“अजून वाचता येतंय,” मुलगी म्हणाली.

“यायलाच हवं,” डॉक्टर म्हणाले. “आधी काय लिहिलं होतं, ते झाकायचं नसतं.”