डुलकीबाईची इस्त्री

“निखारे असले की दार लावायचं नाही गं,” असं एक आई आपल्या लेकीला रोज सांगायची. सांगताना मी तिच्या हातात असायचे. तेव्हा मी नवी कोरी होते, जरा तोऱ्यातही होते. मला वाटायचं, काय ही किरकिर! दारातून वारा येतो, माझे निखारे भराभर जळून जातात, मग पुन्हा भरा, पुन्हा फुंका. त्यापेक्षा दार लावलं तर बिघडलं कुठे? मित्रांनो, तो इशारा मी हसण्यावारी नेला. माझ्या पोटातले निखारे कधीच विझले, पण ती गोष्ट अजून विझत नाही.

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. एका ओताऱ्याने मला बिडात ओतलं. झाकण, झाकणावर कोंबड्याच्या आकाराची कडी, वर लाकडी मूठ आणि कडेने धूर जायला भोकं. त्या आईने मला विकत घेतलं. तिचं इस्त्रीचं दुकान म्हणजे एकच खोली होती आणि टेबल अगदी उंबऱ्यात. अर्धं टेबल घरात, अर्धं रस्त्यावर.

“मावशी, रस्त्यालाही इस्त्री करता की काय?” जाणारे-येणारे चिडवायचे.

“थांब जरा, तुझ्या कपाळावरच्या आठ्या काढून देते,” ती म्हणायची आणि मला उचलून दाखवायची.

तिची लेक शाळेतून आली की मला हात लावायला धडपडायची. एकदा मी तिच्या हातून निसटले. तिच्या उजव्या मनगटावर माझ्या टोकाचा त्रिकोणी डाग उठला आणि माझी मूठ फरशीवर आपटून दुभंगली. आईने आधी लेकीच्या हातावर पाणी ओतलं, मग तिला दोन धपाटे घातले आणि मग तिला जवळ घेऊन स्वतःच रडली. माझ्या मुठीला फिक्या लाकडाचा तुकडा बसवून दोन स्क्रू मारले. त्या दोन स्क्रूंवरूनच पुढे मला ओळखलं गेलं.

वर्षं गेली. विजेच्या इस्त्र्या आल्या. आई गेली, लेकीचं लग्न झालं, दुकान मोडलं. मी भंगारवाल्याकडे तोंडात कोळ्याचं जाळं घेऊन किती काळ पडले होते ते मलाही आठवत नाही.

तिथून मला उचललं ते टीव्हीवाल्यांनी. ‘शंभर वर्षं मागे’ नावाचा त्यांचा कार्यक्रम होता. आजचं एक कुटुंब निवडायचं आणि तीन महिने शंभर वर्षांपूर्वीच्या घरात ठेवायचं. वीज नाही, नळ नाही, फोन नाही. कपाटात, फडताळात, भिंतीतल्या कोनाड्यात कॅमेरे लपवलेले. निवडलेल्या कुटुंबात तिघं होती. आई गणिताची शिक्षिका, बाप बसचालक आणि पाच वर्षांची लेक. तिला सगळे चिमणी म्हणायचे.

पहिल्या दिवशी शिक्षिकेने मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, “अगं बाई, ही इस्त्री आहे की जात्याचा दगड!” मग हसून माझं नाक पुसलं. इतक्या वर्षांनी कोणी मला पुसलं होतं. मी तिची झाले.

त्या घरात एक नियम होता. दर गुरुवारी जुन्या काळच्या पोस्टमनचा वेष केलेला एक नट यायचा आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांपैकी दहा मोठ्याने वाचून दाखवायचा. बाहेरच्या जगाचा तेवढाच आवाज आत यायचा. हजारो प्रतिक्रियांतून या दहा निवडायचं काम कार्यालयातल्या एका तरुण बाईकडे होतं. सगळे तिला चाळणीताई म्हणत. तिची दीड वर्षाची मुलगी दिवसभर पाळणाघरात असायची. ताई एका डोळ्याने प्रतिक्रिया वाचायची आणि दुसरा डोळा फोनवर असायचा, पाळणाघरातून काही निरोप तर नाही ना आला म्हणून.

पहिल्या दोन आठवड्यांत तक्रारी आल्या त्या खिडकीबद्दल.

“मागे मोबाइलचा टॉवर दिसतो. शंभर वर्षांपूर्वी टॉवर होता का हो?”

“बाई भांडी घासताना मोटारीचा हॉर्न ऐकू आला. आम्हाला खुळे समजता काय?”

साहेबांनी, म्हणजे कार्यक्रमाच्या निर्मात्याने, हुकूम सोडला. खिडक्या बंद. आवाजवाल्याने, म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने, फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या आणि वरून जुन्या लाकडाच्या फळ्या ठोकल्या. पुढच्या गुरुवारी कौतुक आलं, “आता कसं अगदी खरं वाटतं!”

मित्रांनो, खऱ्या जुन्या घरात ती खिडकी कधीच बंद नसती. निखारे असताना तर नाहीच. पण टॉवर दिसायला नको होता ना!

मी बोलू शकत नाही. नाहीतर मी तिथेच ओरडले असते. इस्त्रीच्या खोलीत मी होते आणि माझे निखारे तयार ठेवायला शेगडीही होती. बाहेर हिवाळा, म्हणून दारही लोटलेलं असायचं. शिक्षिका रोज दुपारी तासभर कपड्यांना इस्त्री करायची, चिमणी माझ्याजवळच उबेला बसून बाहुलीशी बोलायची आणि घरातलं मांजर कोपऱ्यात बसायचं. खिडकी बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात शिक्षिकेचं डोकं दुखायचं. दुसऱ्यात मला हातात धरूनच तिची मान पडायला लागली. एकदा सदऱ्याची बाही करपली. एकदा ती भिंतीला टेकून उभ्याउभ्याच पेंगली.

बाप मात्र अंगणात लाकडं फोडायचा. मोकळ्या हवेत, घामाघूम, टवटवीत. गुरुवारी पोस्टमन वाचायचा, “काय कष्टाळू माणूस! आणि ही बायको बघा, कपडे करता करता घोरते.” पुढची चिठ्ठी, “आमच्या आज्या दहा जणांचं करायच्या. हिला तिघांचं झेपेना.” आणि मग ती चिठ्ठी, जिने तिला नाव दिलं, “या आठवड्याची डुलकीबाई कोण? ओळखा पाहू!”

शिक्षिकेने ऐकून घेतलं. पोस्टमन गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, “मी खरंच आळशी आहे का रे?”

“चेष्टा करतात गं लोक. मनावर कशाला घेतेस?”

“शाळेत सलग सात तास उभी असते मी. इथे एका सदऱ्याला पाय लटपटतात. मला काहीतरी होतंय.”

“जागा नवी आहे. होईल सवय,” तो म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन अंगणात गेला. तो वाईट नव्हता. त्याचं डोकं दुखत नव्हतं, एवढंच.

बाहेर मात्र डुलकीबाईची धमाल चालू होती. तिच्या पडणाऱ्या मानेला कोणी ढोलकी लावली, कोणी अंगाई लावली. साहेब खूश होते. “चाळणीताई, डुलकीच्या चिठ्ठ्या जास्त निवडा. लोकांना तेच हवंय.” ताईने निवडल्या. नोकरी होती.

त्याच आठवड्यांत एका म्हातारीचे फोन येऊ लागले. हे मला पुढे कार्यालयात कळलं, ताईच्या तोंडून.

“ती इस्त्री माझ्या आईची आहे,” म्हातारी म्हणाली. “मुठीला फिकं लाकूड आहे आणि दोन स्क्रू. बघ, आहेत की नाही?”

“आजी, वस्तू परत हवी असेल तर कार्यक्रम संपल्यावर अर्ज करावा लागेल.”

“इस्त्री काय करायचीय मला, डोक्यावर घेऊन नाचू? खिडकी उघडायला सांग त्यांना. ती पोरगी आळशी नाही. तिला कोळसा चढतोय. माझी आई दार लावू द्यायची नाही कधी.”

“बरं, बरं. कळवते.”

ताईने वहीत लिहिलं, ‘आजी, इस्त्रीवर हक्क सांगतात,’ आणि पान उलटलं. दुसऱ्या आठवड्यात आजींचा फोन पुन्हा आला. तेव्हा पलीकडून बसची घरघर येत होती, अर्धं ऐकू आलं नाही. ताई म्हणाली, “हो आजी, नोंद घेतलीय.” त्या गुरुवारच्या दहा चिठ्ठ्यांत आठ डुलकीबाईच्या होत्या. आजींची नव्हती.

मग तो दिवस आला. दुपारी पाळणाघरातल्या मावशींचा ताईला फोन आला, “बाळ सकाळपासून नुसतं झोपाळलंय हो. उठवलं तरी मान टाकतंय.” ताई धावत गेली. साधा ताप होता, औषधाची गुंगी होती. डॉक्टरांनी सांगितलं, काळजीचं काही नाही. मुलीला बहिणीकडे सोडून ती कार्यालयात परतली. समोरच्या पडद्यावर आमच्या घराचं थेट चित्र चालू असायचं.

आणि तिने पाहिलं. शिक्षिका टेबलाला रेलली होती. चिमणी शेगडीपाशी आडवी झाली होती, बाहुली हातातून सुटलेली. कोपऱ्यातलं मांजरही कुशीवर पडलेलं.

तिघं एकदम?

‘मान टाकतंय’ हे शब्द तिच्या कानात अजून गरम होते. म्हातारी काय म्हणाली होती? तिने आवाजवाल्याला फोन लावला.

“खिडकी उघडा. आत्ता.”

“अहो ताई, चित्रीकरण चालू आहे. बाहेर रस्ता खोदतायत, सगळा आवाज आत येईल.”

“येऊ दे! उघडा म्हणते ना. पोर मरेल तिथे!”

मी टेबलावर तशीच पडून होते, माझ्या भोकांतून धूर निघत होता. पहिली फळी निघाली, मग दुसरी. मग सगळा रस्ता आत आला. खोदकामाच्या यंत्राची धडधड, हॉर्न, कोणाची तरी हाक, आणि वारा. इतका सुंदर गोंगाट मी कधी ऐकला नव्हता. आवाजवाल्याने चिमणीला उचललं, बापाने अंगणातून येऊन शिक्षिकेला. तो तिला म्हणत होता, “ऊठ गं, मी ऐकायला हवं होतं, ऊठ ना.” ती उठली, पण बऱ्याच वेळाने. चिमणी दवाखान्यात रडली तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू भिनला होता, अजून अर्धा तास असता तर वेगळं सांगावं लागलं असतं.

पुढच्या प्रतिक्रिया ऐकायच्यात तुम्हाला? “नाटक आहे. कार्यक्रम पडत होता म्हणून केलं.” “डुलकीबाईचा शेवटचा प्रवेश छान रंगला.” काही चांगल्याही होत्या, नाही असं नाही. पण आधी हसलेल्यांपैकी ‘चुकलं’ असं फारच थोड्यांनी लिहिलं. पुष्कळांनी नुसतं दुसरं काहीतरी पाहायला घेतलं.

कार्यक्रम आवरला. घरातल्या वस्तू वाटल्या गेल्या. मला ताईने मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या टेबलावर प्रतिक्रियांच्या गठ्ठ्यावर बसते, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. माझ्याखाली हजार जणांची मतं आहेत. जड मी आहे असं लोकांना वाटतं. मला मात्र माझ्याखालचे कागदच जड वाटतात.

ताईने आजींच्या फोनांबद्दल कळवल्यावर एकदा शिक्षिका भेटायला आली. मला पाहून दचकली, मग हळूच माझ्या मुठीवर हात ठेवला. “त्या आजींना भेटायचंय मला,” ती म्हणाली. “सगळ्या गावातून एकीनेच मला आळशी म्हटलं नाही.”

ताईने जुनी वही काढून तिच्यापुढे ठेवली. मग तिने सगळं सांगितलं.

खिडकी उघडल्यावर दोन दिवसांनी आजींचा एक फोन आला होता. “बघितलं मी. उघडलीत ना? बरं झालं बाई.” मग त्या म्हणाल्या, “थंडी फार पडलीय गं यंदा. मीही हल्ली शेगडी खोलीत घेते. दार लावून बसते. एकटी आहे ना, उघडं ठेवायची भीती वाटते.” त्या दिवशी ताईच्या टेबलावरचे तिन्ही फोन वाजत होते. ती म्हणाली, “जपा हं आजी,” आणि फोन ठेवला. आपण काय ऐकलं ते तिला संध्याकाळी घरी मुलीचं दूध गरम करताना कळलं. तेव्हापासून तिने तो नंबर किती वेळा लावला असेल! तो आजींच्या खोलीखालच्या शिंप्याच्या दुकानातला फोन होता, असं आजीच एकदा बोलल्या होत्या. दुकान बंद झालं असणार. नंबर लागत नाही. पत्ता कोणीच लिहून घेतला नव्हता. वहीत आहे तो फक्त ‘इस्त्रीवर हक्क सांगतात’ एवढाच शेरा.

मित्रांनो, मी आता फार थकले आहे. मला कौतुक नको, पॉलिश नको, काचेचं कपाटही नको. एवढंच करा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या गल्लीत, बस थांब्याजवळ, बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी असेल, तर जिना चढून जा. तिच्या उजव्या मनगटावर त्रिकोणी डाग आहे. तो माझा आहे. दार वाजवा. उघडलं नाही तर संकोच करू नका, शेजाऱ्यांना बोलवा, पुन्हा वाजवा. उघडलं तर प्यायला पाणी मागा, दोन घटका बसा, तिची थंडीची तक्रार पुरती ऐकून घ्या.

आणि आत शेगडी पेटलेली दिसली, तर निघताना दार ओढून घेऊ नका.